त्र्यंबक रोडच्या कॉलेज पट्ट्यात राहायचं तर : खोली, ओल, पाणी आणि गाव

ओसरी (धागालेखक)

सातपूर सोडलं की पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, खंबाळे, तळेगाव, अंजनेरी, पेगलवाडी आणि मग त्र्यंबक. या पट्ट्यात इंजिनिअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निक, मॅनेजमेंट अशी कॉलेजं एकापाठोपाठ एक उभी राहिली. कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की इथे दरवर्षी तेच प्रश्न येतात : खोली कुठे बघू, मेस कशी असते, पाणी पुरतं का, नाशकातून येऊन-जाऊन जमेल का. उत्तरं सुटी पडतात आणि पुढच्या जूनपर्यंत हरवतात. म्हणून हा एक धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते त्याने खाली लिहावं. "आमच्या वेळी" नको, आकडा आणि कारण द्या.

सुरुवात मी खोलीपासून करतो, कारण बाहेरगावचे लोक तिथेच फसतात. पत्ता नाशिकचा असला तरी पाऊस त्र्यंबकचा असतो. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, त्र्यंबकला दोन हजारांच्या वर. अंतर फक्त २८ किलोमीटर. ढग ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रांगेवर चढतात तिथेच रिकामे होतात, शहरापर्यंत उरलासुरला येतो. त्यामुळे नाशकात चालणारं बांधकाम अंजनेरीच्या पायथ्याशी चालत नाही, आणि तिथल्या बऱ्याच खोल्या नाशकातल्यासारख्याच बांधलेल्या आहेत.

खोली मे महिन्यात बघितली तर नुकता रंग मारलेला असतो, काहीच कळत नाही. तरी भिंत वाचता येते. पश्चिम आणि नैर्ऋत्येची भिंत आधी बघा, झड तिकडून येते. एक रुपयाचं नाणं घ्या आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर भिंतीवर टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे प्लास्टर विटेपासून सुटलंय. नव्या रंगाखाली छोटे फुगे असतील किंवा हात फिरवल्यावर पांढरी भुकटी बोटाला लागत असेल, तर लोणा लागलाय. लोणा खालच्या फूट-दीड फुटात असेल तर ओल जमिनीतून चढते. त्यावर भाडेकरूकडे इलाज नाही, ती खोली सोडा. डाग छताच्या कोपऱ्यात असेल तर स्लॅब किंवा गच्चीची पन्हाळ गळते. मालकाने जूनआधी वॉटरप्रूफिंग केलं तर सुटतं, म्हणून "केलंय" हे तोंडी ऐकून न घेता गच्चीवर जाऊन बघा. डाग खिडकीखाली असेल तर प्रश्न सगळ्यात किरकोळ : छज्जा आखूड आहे किंवा खिडकीची पट्टी तुंबली आहे.

ही पट्टी कोणी बघत नाही. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या अंगाला दोन-तीन बारीक भोकं असतात. धूळ आणि सिमेंटने ती बुजली की रूळ भरतो आणि पाणी आत, थेट गादीवर. हिराच्या काडीने भोकं मोकळी करायला दोन मिनिटं लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि गणपतीच्या आसपास एकदा केलं की पुरतं.

कपाट आणि पलंग भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. भिंत गार असते, खोलीतली दमट हवा त्या फटीत अडकली की बुरशी धरते. पुस्तकं खालच्या फळीवर नकोत. चामड्याचे बूट, पट्टे, बॅगा बंद कपाटात ठेवल्या तर पंधरा दिवसांत पांढऱ्या होतात. डांबराच्या गोळ्यांनी कसर जाते, ओल जात नाही. ओल ओढायला उघड्या भांड्यात कळीचा चुना ठेवतात. तो फुगून भुकटी झाला की बदलायचा, आणि भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. हात ओला असताना चुन्याला शिवू नका, भाजतो.

करवंद

उपयुक्त धागा. एक भर : कपडे खोलीतच दोरीवर वाळवणं हे बुरशीचं सगळ्यात मोठं कारण. पिळलेल्या कपड्यांच्या एका बादलीतून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं आणि रात्री भिंतीवर बसतं. चौघांची खोली असेल तर हिशोब तुम्हीच करा. कपडे व्हरांड्यात आणि टेबल फॅन त्यांच्याकडे तोंड करून, एवढं तरी पाळा. जीन्स जुलै-ऑगस्टमध्ये घरीच ठेवा, तीन-तीन दिवस वाळत नाही.

आणि पत्र्याची खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. जोराच्या सरीत शेजारच्याने बोललेलं ऐकू येत नाही, ऑनलाइन परीक्षा तर विसराच. एप्रिलमध्ये तीच खोली दुपारी तापते ती वेगळीच.

नवी_इयत्ता

पाणी असतं का, याचं सरळ उत्तर कोणी देईल का? दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणता आणि उन्हाळ्यात टँकर येतात असंही ऐकलं. दोन्ही खरं कसं?

बेसाल्ट

दोन्ही खरं आहे आणि कारण पायाखाली आहे. इथला खडक काळा पाषाण. त्याला स्वतःला भोकं नाहीत, पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात साठतं. उतार तीव्र, वरची माती पातळ. पाऊस चार महिन्यांत पडतो आणि ओढ्याने खाली निघून जातो. ज्या डोंगरावर गोदावरी उगम पावते त्याच्या पायथ्याच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात, यात चमत्कार काही नाही. आणि गंगापूर धरण जवळ आहे म्हणून नळाला पाणी असणारच, असंही धरू नका. शहराची योजना वेगळी, गावाची वेगळी.

दुसरं कारण कागदावरचं. ग्रामीण नळयोजना माणशी ५५ लिटर धरून आखतात आणि माणसं मोजतात जनगणनेची. वसतिगृहातली आणि भाड्याच्या खोल्यांतली मुलं त्या मोजणीत नसतात, पण पाणी त्यांनाही लागतं. मार्च ते जून गाव आणि विद्यार्थी यांच्यात जी कुरबुर होते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. मुलांचं वागणं वगैरे नंतर येतं.

खोली घेताना मालकाला विचारायचे प्रश्न : पाणी नळाचं, विहिरीचं की बोअरचं? मे महिन्यात टँकर लागला तर पैसे कोणाचे? टाकी किती लिटरची आणि तिच्यावर माणसं किती? बारा मुलं आणि २,००० लिटरची टाकी असेल तर काटकसरीने माणशी १०० लिटर धरून दिवसाला १,२०० लिटर जातात. म्हणजे नळ एक दिवसाआड आला तरी कशीबशी निभावते, तीन दिवसांआड आला तर दुसऱ्या दिवशी दुपारीच कोरडी. १०,००० लिटरचा टँकर त्याच बारा जणांना आठ दिवस जातो, पण तो ओतायला खाली हौद हवा. हौद नसेल तर टँकरवाला नुसतं टाकीसाठी थांबत नाही.

बोअर असेल तर सेप्टिक टँक कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. दोन्हींत किमान १५ मीटर अंतर हवं आणि टँक उताराच्या खालच्या बाजूला हवा. या खडकात घाण पाणी मुरत नाही, भेग सापडली की सरळ पळतं, आणि ती भेग कुठे उघडते हे कोणालाच माहीत नसतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर जुलाब-कावीळ निघते ती बरेचदा या वाटेने.

ओसरी

बेसाल्ट, शुद्धीकरणाचंही लिहा. ब्लीचिंग पावडर लोक मुठीने टाकतात.

बेसाल्ट

मुठीने टाकली की पाणी पिववत नाही, मग लोक क्लोरीनच बंद करतात. हिशोब सोपा आहे. चांगली, ताजी पावडर असेल तर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. २,००० लिटरच्या टाकीला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. ती थेट टाकीत नाही टाकायची. छोट्या प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा आणि दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, तळाचा गाळ फेकून द्या. तासभर नळ उघडायचा नाही. तासाभराने नळाच्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ग्रामपंचायतीत ओटी टेस्टचं किट असतं : नळीत पाणी, दोन थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ही टेस्ट करतो, विचारलं तर दाखवतो.

फसतं कुठे? एक, पावडर उघडी पिशवी बांधून ठेवलेली असते, या हवेत तिचा जोर महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. वास उग्र यायला हवा. दोन, जुलैत पाणी गढूळ असतं आणि क्लोरीन त्या मातीतच खर्च होतो. गढूळ पाणी आधी निवळायचं : बादलीत तुरटीचा खडा पाच-सात वेळा फिरवा, अर्धा तास ठेवा, वरचं पाणी फडक्यातून गाळा, मग क्लोरीन किंवा उकळी. उकळताना बुडबुडे खळखळून यायला लागल्यापासून एक मिनिट मोजायचं. कोमट केलेलं पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे.

आणि मेसमधला थंड पाण्याचा जार. सीलबंद जारवर बरेचदा आयएसआय खूण आणि आयएस १४५४३ हा क्रमांक असतो. सील नसलेला, नळ लावलेला थर्मासचा जार म्हणजे फक्त गार केलेलं पाणी, कुठलं ते देव जाणे.

लाल_डबा

बसचं मी लिहितो. सीबीएसहून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकातून) त्र्यंबकला एसटी आहेच, आणि २०२१ पासून शहरात सुरू झालेली सिटीलिंक ही शहर बससेवाही त्र्यंबकपर्यंत जाते. अंजनेरी साधारण २० किलोमीटर, नेहमीच्या दिवशी पाऊण तास ते तास धरा. विद्यार्थी मासिक पासात एसटी ६६.६७ टक्के सवलत देते. कॉलेजच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो, आणि जूनच्या अखेरीस रांग लागते म्हणून फॉर्म कॉलेजमधूनच एकगठ्ठा पाठवतात का ते विचारा. महिलांना अर्धं तिकीट ही मार्च २०२३ पासूनची सवलत एसटीची आहे, सिटीलिंकचे पास वेगळे. रोज जाणाऱ्या मुलीला पासच परवडतो. आठवड्यात दोन-तीन दिवसच लेक्चर असतील तर अर्ध्या तिकिटाचा हिशोब करून बघा.

खरा प्रश्न फाट्याचा. बस फाट्यावर सोडते आणि खोली आत दीड किलोमीटरवर असते. दिवसा हे अंतर काही वाटत नाही. डिसेंबरात सहा वाजता अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर दिवे आहेत का, मधे घरं आहेत का, हे बघायला संध्याकाळी सातला एकदा चालत जा. मुलींसाठी खोली बघणाऱ्या आई-वडिलांनी हे आधी करावं, फर्निचर नंतर बघावं.

काही दिवस बस धरूच नका. श्रावणातले सोमवार, त्यातही तिसरा. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखांनी लोक येतात, खाजगी गाड्या अलीकडेच अडवून पुढे एसटीने नेतात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा, तेव्हा दिंड्या याच रस्त्याने चालत जातात. बाईकवाल्यांनी हॉर्न आवरावा. आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार : धबधबे बघणाऱ्यांच्या गाड्या.

ओसरी

लाल_डबा, कुंभाचं राहिलं.

लाल_डबा

हो, तेच टंकत होतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, त्र्यंबकची अमृतस्नानं २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबरला. म्हणजे नेमकं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या वेळी. रस्ता तर अडेलच, पण खोल्यांचं जास्त बघा. यात्रेकरूंना रोजावर खोली दिली की महिन्याचं भाडं चार दिवसांत सुटतं, मालकाला मोह होणारच. करारात तेवढे महिने बाहेर काढता येणार नाही असं कलम हवं.

मीटर_रीडिंग

कराराचं मी सांगतो, कारण इथे निम्मी मंडळी पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळी होतात आणि त्याला "अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट" म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच हवं, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकांना शांतपणे सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर अधिक परतीच्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्क्यांवर ०.२५ टक्के. समजा भाडं ८,०००, अकरा महिने, म्हणजे ८८,०००. डिपॉझिट २०,०००, त्याचे १० टक्के २,०००. एकूण ९०,००० वर ०.२५ टक्के म्हणजे २२५ रुपये, वरच्या शंभरात ३००. नोंदणी फी ग्रामीण हद्दीत ५००, शहरी हद्दीत १,०००. एजंटची फी वेगळी, ती आधी ठरवा. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. चौघे राहणार असतील तर चौघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर केलं आणि तो मध्येच कॉलेज सोडून गेला की उरलेले तिघे कागदावर कोणीच नसतात.

कलमं तीन बघा. पहिलं, लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी बाहेर काढता येणार नाही, हे लाल_डबाने वर सांगितलंय ते. दुसरं, मे-जूनचं भाडं. परीक्षा संपली की मुलं गावी जातात, खोली रिकामी, मालकाला बारा महिन्यांचं हवं असतं. त्यालाही दुसरं गिऱ्हाईक तेव्हा मिळत नाही, म्हणून सुट्टीत अर्धं भाडं आणि सामान तिथेच, असा तोडगा निघतो. फक्त आधी लिहून घ्या. तिसरं, डिपॉझिटमधून रंगाचे किती कापणार. आकडा लिहा, "योग्य ती रक्कम" नको.

आता वीज. इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि तीही गणित न कळल्यामुळे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. सहा जण प्रत्येकी ६० युनिट जाळतात, एकूण ३६०. प्रत्येकाचं वेगळं मीटर असतं तर सगळे पहिल्या टप्प्यात बसले असते. एकाच मीटरवर असल्यामुळे २०० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि शेवटचे ६० तिसऱ्यात जातात. मालकाचं घरही त्याच मीटरवर असेल तर विचारूच नका. म्हणून "सब-मीटर आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, युनिटचा दर काय लावणार ते विचारा, आणि मूळ बिल दर महिन्याला बघायला मिळेल का ते.

पाणी तापवायची रॉड : १,५०० वॅटची रॉड १८ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ ला न्यायला वीस-एकवीस मिनिटं घेते, अर्धा युनिट. सहा जणांचे महिन्याचे नव्वद युनिट फक्त अंघोळीचे. प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड, ओल्या फरशीवर अनवाणी, आणि अर्थिंग नसलेला सॉकेट, हे त्रिकूट जिवावर बेततं. पाण्यात बोट घालून गरम झालं का बघण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असू शकतं. मेन स्विचजवळ आरसीसीबी (वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच) आहे का बघा. त्याच्यावर "टेस्ट" लिहिलेलं बटण असतं, दाबल्यावर वीज गेली पाहिजे.

मे अखेरीस वळवाच्या पावसात आणि जूनमध्ये वीज जाते. तारांवर फांद्या पडतात, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, आणि चिखलातून वायरमन येईपर्यंत वेळ लागतो. अख्ख्या खोलीला इन्व्हर्टर नको, राउटरला मिनी यूपीएस घ्या. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघून तेवढ्याच ताकदीचा. मोबाईलची रेंज मात्र डोंगराच्या आडोशाला वाडीवाडीत बदलते. खोलीच्या आत, दार लावून, रात्री दहाला व्हिडिओ कॉल करून बघा. अंगणातल्या चार काड्यांना अर्थ नाही.

नवी_इयत्ता

गॅसचं काय करावं? स्वतः स्वयंपाक करायचा विचार आहे.

करवंद

पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, ओळखपत्रावर, पत्त्याचा पुरावा लागत नाही. रोज दोन वेळचं दोघांचं केलं तर साधारण तीन आठवडे जातो. गल्लीबोळातल्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून देतात ते घेऊ नका, व्हॉल्व्ह गळतो आणि खोली बंद असते.

मेस लावायची असेल तर एक महिन्याचे पैसे एकदम देण्याआधी आठवड्याच्या कुपनांवर खा. मंगळवारी रात्री आणि रविवारी रात्री जाऊन बघा, खरी मेस तेव्हा कळते. दुपारचा भात रात्री फोडणीला घातलेला असेल तर तो मधल्या वेळेत कुठे होता हे महत्त्वाचं. पातेल्यात झाकून ओट्यावर सहा तास पडलेल्या भातात जंतू विष सोडतात, आणि ते फोडणीने मरत नाही. पोट बिघडतं ते "मसाल्याने" नव्हे. सुट्टीचे दिवस वजा होतात का आणि किती सलग हवेत, हे लिहून घ्या.

जून-जुलैत रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसतात. करटोली, कुर्डू बिनधास्त घ्या. शेवळी मात्र माहीत असल्याशिवाय नको. घसा खाजतो, तिला काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच-कोकम आंबट घालूनच शिजवतात. विकणारीलाच विचारा, ती काकडं सोबत देते. घासाघीस करू नका, डोंगर चढून आणलेली असते. मेसच्या बेचव फ्लॉवर-बटाट्यापुढे नागलीची भाकरी आणि कुर्डू म्हणजे मेजवानी आहे, हे माझं ठाम मत.

पावसाळी_गवत

गावाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, फक्त खोल्यांबद्दल. खोली चांगली आणि गावाशी वाकडं असेल तर चार वर्षं कडू जातात.

जुलैत आवणी चालते. भाताची खाचरं बांधांनी अडवलेली असतात, आत चिखल करून रोपं लावतात. मुलं फोटोसाठी त्या बांधावरून चालतात. बांध ओल्या मातीचा असतो, टाचेने एक वीत खचला तरी तिथून पाणी निघून जातं, रात्रीत खाचर रिकामं होतं आणि रोपं पिवळी पडतात. सकाळी शेतकऱ्याला फक्त बुटाचे ठसे दिसतात. मग "कॉलेजची पोरं" हा शब्द शिवीसारखा का वापरतात हे विचारायला नको. चालायचंच असेल तर बैलगाडीची वाट धरा आणि विचारून जा, कोणी नाही म्हणत नाही. त्याच दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागून चिखल डांबरी रस्त्यावर येतो, वळणावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी.

बाकी घर्षण ठरलेल्या गोष्टींवर : सायलेन्सर, रात्री दहानंतरचा स्पीकर, आणि कचरा. नाशकात दारावर घंटागाडी येते, ती सवय घेऊन मुलं येतात आणि पिशवी ओढ्याच्या काठी ठेवून जातात. त्या पिशवीवर कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. हे भीती घालायला नाही, साधी साखळी आहे. ओला कचरा मालकाच्या परसात तीन फूट खोल खड्डा करून मातीच्या थराने झाकत जा, सुका दर आठवड्याला शहरात जाणाऱ्याच्या हाती पाठवा. बिबट्या दिसलाच तर वन विभागाचा १९२६ क्रमांक, आणि मागे धावून व्हिडिओ काढणं नाही.

साप. जमिनीवर गादी टाकून झोपू नका, ही सूचना ओलीसाठी नाही, मण्यारीसाठी आहे. ती रात्री हिंडते, चावल्याचं कळतही नाही, सूज नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. पलंग आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने धोका बराच टळतो. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय हलू न देता १०८ ला फोन. त्र्यंबकला सरकारी रुग्णालय आहे, आणि नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रोडवरच गोल्फ क्लब मैदानाजवळ. खोली कुठल्या बाजूला आहे त्यावरून कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवा.

आणि अंजनेरीवर जाणार असाल तर पायवाट सोडू नका. तिथलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, शास्त्राला २००६ मध्ये कळलं, जगात या भागातच सापडतं. पावसाळ्यात फुलतं आणि गवतात दिसतही नाही, बुटाखाली गेलं तरी कळत नाही. दुगारवाडीसारख्या धबधब्यांकडे ओढा ओलांडून जावं लागतं. पाऊस वर डोंगरावर पडत असतो, खाली ऊन असलं तरी अर्ध्या तासात पाणी चढतं. परतीची वाट बुडते ती अशी. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून यायला लागला की लगेच अलीकडे या.

ओसरी

पावसाळी_गवत, उत्तम भर. संध्याकाळी करायला काय असतं, हेही मुलं विचारतात. प्रामाणिक उत्तर : फार काही नाही. सिनेमा, क्लास, मोठं वाचनालय यासाठी शहर. इथे मैदान आहे, गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं आहेत, अंजनेरीला नाणकशास्त्राची १९८० सालची संशोधन संस्था आणि तिचं नाणेसंग्रहालय आहे. तिकडे पट्ट्यातली निम्मी मुलं चार वर्षांत फिरकत नाहीत. जुनी जैन मंदिरंही गावातच. ज्यांना दर आठवड्याला मॉल लागतो त्यांनी सातपूर किंवा कॉलेज रोडला राहून बसने ये-जा करावी, उगाच कुढू नये.

मतदान नोंदणीबद्दल एक ओळ : वसतिगृहाच्या किंवा खोलीच्या पत्त्यावर फॉर्म ६ भरता येतो, कॉलेज प्रमुखाचा बोनाफाइड दाखला जोडून. मात्र गावचं नाव आधी असेल तर एकच ठिकाण ठेवायचं. नाव इथे असलं की ग्रामसभेत बसता येतं, आणि बेसाल्ट म्हणतात तो माणशी ५५ लिटरचा प्रश्न तिथेच मांडायचा असतो.

बाबा_पालक

सगळं वाचलं, आभार. मुलाचं चार वर्षांचं भाडं भरण्यापेक्षा कॉलेजजवळ दोन गुंठे प्लॉट घेऊन खोल्या बांधाव्यात असं सुचवलं जातंय. दर कमी सांगताहेत. घ्यावा का?

सातबारा

काका, दर कमी का आहे ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. त्र्यंबक तालुक्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी भरपूर आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ : आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, आणि ती परवानगी शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकारी देतात. "साठेखत करू, कुलमुखत्यार घेऊ, पुढे नावावर होईल" असं कोणी म्हणालं की उठून या. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाते आणि तुमचे पैसे अडकतात. बांधलेल्या खोल्यांसकट.

ऑनलाइन सातबारा काढा, इतर हक्काच्या रकान्यात काय शेरे आहेत बघा, भोगवटादार वर्ग एक की दोन (परवानगीशिवाय विकता न येणारी) ते बघा. मग जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. आत्ताचा मालक बिगरआदिवासी असला तरी त्याच्याकडे जमीन कशी आली ते तीस-चाळीस वर्षं मागे जाऊन तपासायचं. दोन गुंठ्यांचा तुकडा शेतजमिनीतून काढलेला असेल तर तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी) आडवी येऊ शकते, आणि रीतसर बांधकाम परवानगी नसेल तर त्यावर खोल्याही बांधता येत नाहीत. डोंगराच्या पायथ्याला वनाची हद्द कुठून जाते तेही मोजणी नकाशावर बघा, जागेवर दगड दाखवतात त्यावर विसंबू नका.

बाबा_पालक

समजलं. मग भाड्याचीच बघतो. ऑगस्टमध्ये येतोय, तेव्हा पावसात त्रास नाही ना होणार?

ओसरी

ऑगस्टच उत्तम. दोन-तीन दिवस संततधार लागली की या, दुपारी चार वाजता, आणि खोलीचं दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्या. खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा.